जत्रेतलं शौचालय : व्हीलचेअर दारापर्यंत नव्हे, आतपर्यंत गेली पाहिजे

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराला जायचं ठरलं की घरात आठ दिवस आधीपासून गडबड सुरू होते. परडी, नैवेद्य, शिदोरी, गाडी ठरवणं, बरोबर कोण कोण येणार याची मोजदाद. याच तयारीत एक गोष्ट मात्र गुपचूप होत असते. गुडघ्यांनी बेजार झालेली आजी आदल्या दिवसापासून पाणी कमी पिते. कुबडीवर चालणारे काका सकाळचा चहा टाळतात. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असलेले आजोबा ‘आजचा दिवस नको’ म्हणून ती गोळी घेतच नाहीत. आणि व्हीलचेअरवरची मुलगी म्हणते, ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबते.’

यातल्या कुणाचाही देवीवरचा भाव कमी झालेला नसतो. प्रश्न एवढाच असतो की तिथं गेल्यावर लघवीला जायचं कुठं? हा प्रश्न चारचौघांत विचारता येत नाही, म्हणून तो आयोजकांच्या बैठकीतही येत नाही. पार्किंग, बंदोबस्त, वीज, महाप्रसाद या सगळ्यावर चर्चा होते. शौचालयांचा विषय ‘इतक्या गाड्या मागवल्या’ या एका वाक्यात संपतो. त्या गाड्यांत कोण चढू शकतं आणि कोण नाही, हे पाहिलं जात नाही.

बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीची आणि चिंचलीच्या मायक्काची जत्रा आहे. शहरातल्या गणेश विसर्जनाची आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झांक्या पहाटेपर्यंत चालतात, वडोदऱ्यात नवरात्रीत मैदानं भरून वाहतात. नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये, तर उज्जैनचा २०२८ मध्ये होत आहे. गर्दी सगळीकडे आहे आणि अडचणही सगळीकडे सारखीच आहे. म्हणून दिव्यांग आणि वृद्धांना वापरता येईल असं शौचालय जत्रेच्या मैदानात कसं उभं करायचं, ते नीट समजून घेतलं पाहिजे.

ही सोय नेमकी कुणासाठी?

‘दिव्यांगांसाठी शौचालय’ म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त व्हीलचेअर येते. २०११ च्या जनगणनेत देशात दिव्यांगांची संख्या २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के नोंदली गेली. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून २१ वर नेले. त्यामुळे आज हिशेब करताना जनगणनेचा आकडा हा किमान आकडा धरावा लागतो.

शिवाय ज्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही, पण उकिडवं बसता येत नाही, असे लोक जत्रेत कितीतरी असतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, पक्षाघातातून सावरणारे, दिवस भरत आलेल्या बायका, लघवीची पिशवी लावलेले रुग्ण. दृष्टिहीन व्यक्तीला आत काय कुठं आहे ते हाताला लागलं पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या आईला मुलगा घेऊन आला असेल, तर त्यानं महिलांच्या बाजूला जायचं की पुरुषांच्या? अशा वेळी स्त्री-पुरुष भेद नसलेली, मदतनीसासह आत जाता येईल अशी स्वतंत्र खोली लागते. यल्लम्माच्या जत्रेत जोगप्पा आणि तृतीयपंथी भाविकही मोठ्या श्रद्धेनं येतात. त्यांनाही अशाच खोलीचा आधार होतो.

गाडीच्या तीन पायऱ्या आणि ३६ फुटांचा उतार

आपल्याकडे जत्रेत येतात ती बहुतेक ट्रॅक्टरला जोडून ओढत आणलेली फिरती शौचालयं. चाकांवरचा सांगाडा, वर ओळीनं दारं, आत देशी भांडी. फरशी जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच आणि चढायला तीन-चार अरुंद लोखंडी पायऱ्या. पाण्यानं ओल्या झालेल्या त्या पायरीवर धडधाकट माणसाचाही पाय घसरतो.

मग कुणीतरी म्हणतं, ‘एक फळी टाकू या.’ इथं हिशेब करायला हवा. व्हीलचेअरसाठी उताराचं मान्य प्रमाण एकास बारा आहे. म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार. तीन फूट उंचीच्या गाडीला ३६ फूट लांबीचा उतार लागेल, त्याला दोन्ही बाजूंनी कठडा लागेल आणि वर दारासमोर वळायला सपाट जागाही लागेल. सहा फुटांची फळी टाकून खुर्ची वर चढवणं म्हणजे बसलेल्या माणसाला मागे उलटवण्याची तयारी. इतकं करून वर पोचलं तरी दार दोन-सव्वादोन फुटांचं, खुर्ची आत जातच नाही.

यातून तीन मार्ग निघतात. पहिला, जमिनीवर बसणारी, उंबरा नसलेली स्वतंत्र केबिन मागवणे किंवा पत्र्याची खोली तिथंच बांधून घेणे. दुसरा, जमिनीच्या चढउताराचा फायदा घेणे. डोंगराळ जागेत गाडी खालच्या अंगाला लावली आणि वरच्या बांधाची पातळी गाडीच्या फरशीला जुळवली, तर पायऱ्यांची गरजच उरत नाही. मात्र अशा गाडीत एक तरी कप्पा रुंद करून घेतलेला असला पाहिजे. तिसरा मार्ग सगळ्यांत टिकाऊ. आसपासची शाळा, यात्री निवास, मंगल कार्यालय किंवा बसस्थानक इथल्या पक्क्या शौचालयातली एक खोली कायमची नीट करून घेणे. जत्रा दरवर्षी तिथंच भरते, मग दरवर्षी भाडं भरण्यापेक्षा एकदा बांधकाम केलेलं परवडतं.

खोलीच्या आत काय हवं

केंद्र सरकारची सुगम्यतेविषयीची मार्गदर्शक मानकं आहेत. त्यातली मुख्य मापं फुटांत सांगायची तर अशी :

– दाराची मोकळी रुंदी तीन फूट (९०० मिलिमीटर). दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं दार असेल आणि माणूस आतच पडला, तर दार उघडता येत नाही.

– खोली साधारण सव्वासात बाय साडेसहा फूट (२२०० बाय २००० मिलिमीटर). मध्ये खुर्ची पूर्ण वळेल अशी पाच फुटांची मोकळी जागा. साध्या केबिनचं दार रुंद केलं, पण आत वळायला जागा नसली, तर दार लावताच येत नाही.

– बसण्याची उंची जमिनीपासून साधारण दीड फूट (४५० ते ४८० मिलिमीटर), म्हणजे व्हीलचेअरच्या बैठकीएवढी.

– भांड्याच्या बाजूला भिंतीत पक्के बसवलेले आधारदांडे. माणूस पूर्ण वजन त्यावर टाकतो. पत्र्याला स्क्रूनं अडकवलेला दांडा नसलेलाच बरा. दांडा सांगाड्याच्या लोखंडाला वेल्ड केलेला हवा.

– कडी मोठी, मूठ वळलेल्या हातानंही सरकवता येईल अशी. आणीबाणीत बाहेरून उघडता येणारी.

– नळ, मग किंवा जेट बसल्या जागेवरून हाताला लागेल असा. कुबडी आणि पिशवी अडकवायला खुंटी. सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची बादली.

– आत दिवा आणि बाहेरच्या वाटेवरही दिवा. मिरवणुका रात्रीच्या असतात.

इंग्लिश कमोडची सोय होतच नसेल, तर मेडिकल दुकानात मिळणारी लोखंडी कमोड खुर्ची देशी भांड्यावर ठेवता येते. खुर्चीच्या पायांना रबर हवं आणि ती हलू नये म्हणून खाली अडवणी हवी. दांडा आणि रुंद दार यांची जागा ही खुर्ची घेऊ शकत नाही. पण एखाद्या छोट्या गावच्या जत्रेत, जिथं काहीच नाही, तिथं एवढ्यानंही अनेक वृद्धांची सोय होते.

किती हवीत? हिशेब असा करावा

पहिली चूक होते ती एकूण भाविकांचा आकडा धरण्यात. पाच दिवसांत दोन लाख लोक आले, तरी शौचालयं ठरवायची ती सर्वाधिक गर्दीच्या वेळी एकाच वेळी किती लोक मैदानात असतात त्यावरून.

ब्रिटनमधले आयोजक वापरतात त्या मार्गदर्शिकेत सहा तासांपेक्षा कमी वेळाच्या कार्यक्रमासाठी १०० महिलांमागे एक शौचालय, ५०० पुरुषांमागे एक शौचालय आणि १५० पुरुषांमागे एक मुतारी असं प्रमाण दिलेलं आहे. एकाच वेळी १० हजार लोक आणि त्यात निम्म्या महिला धरल्या, तर महिलांसाठी ५०, पुरुषांसाठी १० शौचालयं आणि ३४ मुताऱ्या होतात. आपल्या जत्रा सहा तासांत संपत नाहीत, लोक मुक्काम करतात. त्यामुळे हा आकडा खालचा धरायचा.

यात दिव्यांगांसाठी किती? अमेरिकेतल्या नियमात फिरत्या शौचालयांच्या प्रत्येक समूहात पाच टक्के, असं प्रमाण आहे. ६० शौचालयांना पाच टक्के म्हणजे तीन. पण ही ६० शौचालयं मैदानात सहा ठिकाणी विभागून ठेवली, तर तीन पुरत नाहीत, सहा लागतात. कारण प्रत्येक ठिकाणी किमान एक हवंच. चालायला त्रास होणाऱ्यालाच सगळ्यांत लांब पाठवायचं, हे उलटं गणित आहे.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. धडधाकट माणसाला तीन मिनिटं लागत असतील, तर खुर्चीवरून उतरून पुन्हा बसणाऱ्याला दहा-बारा मिनिटं सहज लागतात. समजा दहा मिनिटं धरली, तर एका खोलीतून तासाला सहाच लोक बाहेर पडतात. रांगेत सातवा असलेल्याला तासभर थांबावं लागतं. म्हणून वृद्ध भाविक जास्त येतात अशा देवस्थानात पाच टक्क्यांवर थांबून चालत नाही.

जागा आधी, मांडव नंतर

शौचालयाची खोली उत्तम असली तरी तिथवर जाणारी वाट नसेल तर उपयोग शून्य. जत्रेच्या आधी मुरूम किंवा खडी टाकली जाते. खडीत व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात. नांगरटीच्या रानात पाऊस झाला तर चिखलात कुबडीही रुतते. मुरमावर पाणी मारून रोलर फिरवावा, नाहीतर घट्ट चटया किंवा प्लायवूडचे तुकडे जोडून चार-पाच फूट रुंदीची वाट करावी. वाटेत जनरेटरची केबल, मांडवाच्या दोऱ्या, पाण्याचे पाइप आडवे येता कामा नयेत. हे सगळं मांडव घालायच्या आधीच आखलं तर जमतं. दुकानांच्या रांगा लागल्यावर मग जागा उरते ती कोपऱ्यातली, उताराची, नाहीतर उकिरड्याशेजारची.

शौचालय दर्शनरांगेच्या मुख्य लोंढ्यात नसावं, पण त्यापासून फार लांबही नसावं. दर्शनरांगेत तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना मधून बाहेर पडून परत त्याच जागी येता आलं पाहिजे. त्यासाठी रांगेच्या कठड्याला ठरावीक अंतरावर फाटक आणि परत येणाऱ्याला हातात एक टोकन, एवढ्यानं काम भागतं. हे नसलं की लोक रांग सोडायला घाबरतात आणि कळ सोसत उभे राहतात.

पाटी गर्दीच्या डोक्यांच्या वर दिसेल अशी उंच बांधावी. सीमाभागातल्या जत्रेत कन्नड, मराठी, तेलुगू बोलणारे सगळेच असतात. व्हीलचेअरच्या चित्राला आणि बाणाला कुठलीच लिपी लागत नाही.

पाणी आणि मैला : खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी

जत्रेच्या पहिल्या सकाळी शौचालयं चकचकीत असतात. अडचण सुरू होते संध्याकाळी. परदेशात वापरली जाणारी प्लॅस्टिकची केबिन कागद वापरणाऱ्यांसाठी बनवलेली असते. आपल्याकडे पाणी वापरतात. समजा टाकी २५० लिटरची आहे आणि एका वापराला धुणं-ओतणं धरून चार लिटर पाणी लागतं, तर साधारण ६२ वापरांत टाकी भरते. दर पाच मिनिटांनी एक माणूस गेला, तर पाच तासांत. म्हणजे दिवसातून एकदा सक्शन गाडी येणार असेल, तर उरलेला वेळ ते शौचालय बंदच म्हणायचं. शिवाय गर्दीत सक्शन गाडीला आत यायला रस्ता राखून ठेवलेला नसेल, तर गाडी गावात असूनही उपयोग नाही.

पाण्यामुळे फरशीही ओली राहते. कुबडी घेणाऱ्यासाठी ओली गुळगुळीत फरशी फार धोक्याची. खरखरीत फरशी, पाणी निघून जायला हलका उतार आणि दर काही वेळानं पुसणारा माणूस, या तिन्ही गोष्टी हव्यात. त्या माणसाला हातमोजे, बूट, ठरलेली मजुरी आणि बदली मिळाली पाहिजे. हातानं मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. जत्रेच्या गडबडीतही कुणाला खड्ड्यात उतरवता येत नाही.

बऱ्याच ठिकाणी दिव्यांगांच्या खोलीला कुलूप लावलेलं असतं. ‘सगळेच वापरतात, घाण होते’ असं कारण सांगतात. मग किल्ली शोधत फिरायचं, नाहीतर आत झाडू-बादल्या ठेवलेल्या. कुलपापेक्षा दाराशी एक सेवेकरी बसवावा. गरजूला आधी सोडायचं, दृष्टिहीन व्यक्तीला आतली मांडणी सांगायची आणि बाकीच्यांना शेजारचं दार दाखवायचं. स्वयंसेवक मंडळं हे काम सहज करू शकतात.

कायदा काय म्हणतो, पैसे कुणी द्यायचे

२०१६ च्या कायद्यातलं कलम २९ सांगतं की, दिव्यांगांना सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीनं भाग घेता यावा, यासाठी सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांनी उपाय करायचे आहेत. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, नंतर ५० हजार ते पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निकाल दिला. १५ जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयांच्या आवारात महिला, पुरुष, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी शौचालयं उभारण्याचे आदेश देताना, ही सोय सन्मानानं जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. तो आदेश न्यायालयांपुरता असला तरी तत्त्व सगळीकडे लागू पडतं.

व्यवहारात मात्र सगळं अडतं ते कामाच्या आदेशावर. ठेकेदाराला दिलेल्या पत्रात ‘४० शौचालयं पुरवणे’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो सगळ्यांत स्वस्त अशी ४० दारं आणून उभी करणार. त्यात त्याची चूक नाही. दरपत्रक मागवतानाच दाराची रुंदी, खोलीचं माप, आधारदांडे, दिवसातून किती वेळा टाकी उपसायची, किती सफाई कामगार, पाण्याचे किती टँकर, हे लिहिलं पाहिजे. मापात नसलेली किंवा बंद पडलेली केबिन बिलातून वजा होईल, ही अटही हवी. कागदावर जे नाही ते मैदानात येत नाही.

मंडप आणि मिरवणुकीसाठी महापालिका, पोलीस आणि वीज कंपनीची परवानगी घ्यावी लागतेच. त्याच अर्जात शौचालयांचा नकाशा मागितला, तर वेगळी यंत्रणा लागत नाही. छोट्या मंडळांना एकट्यानं खर्च झेपत नसेल, तर मिरवणूक मार्गावरच्या चार-पाच मंडळांनी मिळून एक सोय करावी.

सौंदत्तीच्या बाबतीत तर ही वेळ महत्त्वाची आहे. यल्लम्मा डोंगराच्या पर्यटन विकासासाठी केंद्राच्या योजनेतून २०२४ मध्ये १०० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला आहे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला कोल्हापूर, सांगली, सोलापूरपासून लोक तिथं येतात. अशी कामं आखतानाच वाटा आणि शौचालयं मापात बसवली, तर नंतर फोडाफोड करावी लागत नाही. पक्कं बांधकाम एकदा चुकलं की पुढची वीस-तीस वर्षं ते तसंच राहतं.

गोव्यात पणजीला जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट झाला. हा उत्सव दिव्यांगांना मध्यभागी ठेवूनच आखला जातो. पण दिव्यांग माणसाला वर्षातून एकदा आपल्यासाठीच्या उत्सवाला जायचं नसतं, घरच्यांबरोबर गावच्या जत्रेलाही जायचं असतं.

उद्घाटनाआधी एक फेरी

सगळी तयारी झाली की जत्रेच्या दोन दिवस आधी एक चाचणी घ्यावी. गावातल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला, एका दृष्टिहीन व्यक्तीला आणि काठी घेऊन चालणाऱ्या एका आजीला बोलवावं. पार्किंगपासून शौचालयापर्यंत जाणं, आत शिरणं, वळणं, दार लावणं, बसणं, पाणी घेणं आणि परत येणं. कुणीही उचलून न घेता हे जमलं, तर काम झालं. जिथं अडेल तिथं दोन दिवसांत दुरुस्ती होऊ शकते. आयोजकांच्या समितीत अशी एक व्यक्ती सुरुवातीपासून घेतली तर आणखी चांगलं.

शेवटची गोष्ट, ही सोय आहे हे आधी सांगणं. पत्रिकेत, पोस्टरवर, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या वेळापत्रकात दोन ओळी पुरतात : सोयीची शौचालयं कुठं आहेत, गाडी कुठपर्यंत आणता येईल आणि कुणाला फोन करायचा. कारण पाणी पिणं बंद करायचं की नाही, गोळी घ्यायची की नाही, मुळात जायचं की घरी थांबायचं, हे सगळं घरात, आदल्या दिवशीच ठरतं. मैदानात कितीही चांगली खोली बांधली, तरी ती बातमी त्या घरापर्यंत वेळेत पोचली पाहिजे.